बासष्ट सेंटीमीटरची सीट

४ मे

एकेचाळीस वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्याच एका रविवारी, सेंदांगसोनोच्या चढाच्या अलीकडे आमच्या गाडीची चेन उतरली होती. हार्यो रस्त्याकडेला उकिडवे बसून ती चढवत होते आणि मी भातशेताच्या बांधावर रुमाल पसरून, पर्स आणि प्रार्थनेचे पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. जवळच एक बाई केळीच्या पानात बांधलेला आंबवलेला गोड भात विकत होती. एक पुडी घेतली. यांचे हात कोपरापर्यंत काळे, म्हणून मीच घास भरवला, आणि लगेच घाबरून मागे पाहिले, कोणी सिस्टर तर येत नाही ना! लग्नाला वर्ष झाले होते तरी. मारियामातेच्या झऱ्यापाशी पोचलो तेव्हा प्रार्थना संपून लोक डबे उघडून बसले होते.

एवढेच. काही घडले नव्हते. पण दोन दिवस मला तेच आठवते आहे, कारण वेनिंगने कोंबड्यांच्या खुराड्यामागून ती गाडी बाहेर काढली आहे.

वेनिंग माझी नात, मला यांगती म्हणते. आईवडील बातामच्या कारखान्यात, म्हणून ही माझ्याजवळ मुंतिलानला असते. तांत्रिक शाळेत मोटारसायकल दुरुस्ती शिकते. वर्गात एकतीस मुलगे आणि ही एकटी. ऑगस्टमध्ये सतरा पूर्ण होतील.

"यांगती, ही मला द्या ना."

"कोंबडी की गाडी?"

"कोंबडी तुम्हालाच राहू दे. सतरा पूर्ण झाले की लायसन मिळेल. तोवर मी हिला उभी करते. नवीन काही विकत घ्यायचं नाही, सगळं जुन्यातून."

मी हो म्हणाले. मग आत जाऊन उगाचच कांदे चिरत बसले.

११ मे

आज पाक सार्वोतो आले. तीन घरे सोडून राहतात, टपाल खात्यातून निवृत्त, लग्न केले नाही. संध्याकाळी साडेचारला येतात, एक कॉफी पितात, मगरिबची बांग झाली की उठतात. फुटके हेल्मेट घालून फिरतात, त्याचा पट्टा सुतळीचा आहे. टपालातल्या माणसाला स्वतःसाठी एक पट्टा मिळू नये?

हार्यो गेल्याला नऊ वर्षे झाली. ती नऊही वर्षे मी त्या बंद गाडीचा कर भरते आहे. गल्लीत हसतात. हसू देत. गाडी माझ्या नावावर आहे, घेतली तेव्हा हार्यो म्हणाले होते, "मी फक्त चालवणारा." कर मी भरते म्हणजे पैसे मी देते. माझे ओळखपत्र घेऊन मागेलांगच्या वाहन कचेरीत जातात ते पाक सार्वोतो. मोबदला घेत नाहीत. "मला त्या बाजूला जायचंच असतं, बू गुरू," म्हणतात. मी शाळेत शिवण शिकवायचे ते सुटून सात वर्षे झाली, पण त्यांच्या तोंडचे 'बू गुरू' काही सुटत नाही.

आज त्यांनी आठवण दिली. यंदा पाच वर्षे पूर्ण होतात. या वेळी घरच्या घरी भागणार नाही; चौदा ऑगस्टच्या आत गाडीच कचेरीत नेऊन तपासणी करून घ्यायची, तरच नवी नंबरप्लेट.

"आणि नाही झाली तर?" वेनिंगने विचारले.

"तर नोंदणीचं पुस्तक बंद पडेल. मग ती गाडी रस्त्यावर आणता यायची नाही. कोंबड्यांना परत द्यायची."

मागच्या वेळी काय तपासले होते ते मला आठवत नाही. पाक सार्वोतो घरीच फॉर्म घेऊन आले होते, गाडीच्या डोक्यापाशी वाकून काहीतरी करत होते. मी आत केळी तळत होते. कोळी शोधत असावेत, असे वाटले होते.

पण तपासणी म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. आठ वर्षे कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात काढली आहेत. शनिवारी सिस्टर गोदेलीफा नखे, कॉलर, कानामागची मान, सगळे पाहायच्या. गाडी स्वच्छ असली पाहिजे.

१९ मे

वेनिंगने वहीत चित्र काढले आहे. टाकी लांबुळकी, हँडल खाली, आणि सीट अगदी टपाल तिकिटाएवढी.

"यावर बसणार कोण?"

"मी."

"आणि मागे?"

"मागे कोणी नाही, यांगती. या गाड्या अशाच असतात. एकट्याच्या."

"हार्योंच्या वेळी गाडीवर तीन माणसं आणि एक बकरा बसायचा."

"म्हणूनच तिचे मागचे स्प्रिंग गेलेत," ती म्हणाली.

बाजाराच्या दिवशी जुन्या सामानाच्या रांगेतून तिने एक दिवा आणला, भातगिरणीच्या ट्रॅक्टरचा. बाजूची झाकणे बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याची. माझा अॅल्युमिनियमचा तीन खणी डबा मागून घेतला, त्यात पाने-पकडी राहणार. हार्योंचा दुपारचा डबा होता तो. मी दिला, फक्त वरच्या खणात तेलकट चिंधी ठेवायची नाही असे बजावले. तो भाजीचा खण होता.

२ जून

वेल्डिंगवाला लिक जुम (लिक म्हणजे काका) आज चासी, गाडीचा सांगाडा, दुकानात घेऊन गेला. वेनिंगला म्हणाला, "पोरी, तुला वेल्डिंग येतं तर मला कशाला बोलावलंस?"

"तुमचं यंत्र हवंय, लिक. हात माझे."

"आणि वीज?"

"वीजही तुमची."

तो दिवसभर पाय पसरून बसला आणि तिने काम केले. संध्याकाळी मी तिकडे गेले, तेव्हा तो म्हणाला, "बू, हिचं वेल्डिंग पाहा. तुमच्या टाक्यांसारखं आहे." मी चष्मा लावून पाहिले. सारख्या अंतरावर, एकही टाका सुटलेला नाही. डोळ्यांत पाणी आले, ते धुराने.

७ जून

आज मी स्वयंपाकघरातल्या बाकावर भाजी निवडत असताना वेनिंगने माझे माप घेतले. कमरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, बसल्याजागी रुंदी. शाळेत मानवी शरीराचा काही प्रकल्प आहे म्हणाली. रुंदी लिहिताना हसली ते मला आवडले नाही.

१६ जून

मन अस्वस्थ आहे, म्हणून लिहिते.

सीटचे कव्हर मी शिवणार आहे. जुन्या शाळेच्या दप्तरांचे चामडे आहे. वेनिंगने आज लांबी सांगितली: बासष्ट सेंटीमीटर. चित्रातली सीट पस्तीसची होती. मी विचारले तर म्हणाली, "डिझाइन बदललं." शिवाय लिक जुमकडून डाव्या बाजूला पाय ठेवायची एक फळीही लावून घेतली आहे.

एका मुलीला बासष्ट सेंटीमीटर कशाला? मुलगा आहे, दुसरे काय! वर्गात एकतीस आहेत.

पाक सार्वोतोंना विश्वासात घेतले. ते कॉफी ढवळत राहिले, साखर केव्हाच विरघळली होती. मग म्हणाले, "बू गुरू, मुलगा असता तर एका बाजूला पाय टाकून कशाला बसला असता?"

पुरुषांना या गोष्टी कळत नाहीत. आजकालची मुले कशीही बसतात. मी रोज एक जपमाळ जास्त म्हणते आहे.

३० जून

या चार दिवसांत मी गाडीसाठी खरे काम केले, आणि वेनिंगला चकित करायचे ठरवले आहे.

ती परीक्षेच्या गडबडीत आहे. चासी रंग खरवडून अंगणात टांगली होती. वेनिंगने ती घासली होती, पण मुलांबरोबर शिकलेल्या मुलीचेच काम ते. मानेपाशी, जिथे हँडल बसते तिथे, कागदी चिकटपट्टीचा एक मळका तुकडा तसाच ठेवलेला! काढला. खाली ओळीने ओरखडे आणि खळगे. उंदराने कुरतडल्यासारखे. कॉलर मळकी ठेवून नखे कापण्यासारखे झाले हे.

चार दुपारी मी ओला पॉलिश पेपर लावून घासत होते. खळगे पुरते जाईनात, तेव्हा तिच्याच डब्यातली पुट्टी भरली, वाळवली, पुन्हा घासले. आता बोट फिरवले तर रेशमासारखे लागते. सिस्टर गोदेलीफांनीही मान डोलावली असती.

१ जुलै

वेनिंगने सकाळी घाईत प्रायमर मारला आणि शाळेत पळाली. मानेकडे पाहिलेही नाही. सांगेन केव्हातरी.

१२ जुलै

रंग झाला. स्वयंपाकघराच्या दाराचा हिरवा, कारण त्याचा अर्धा डबा उरला होता. आता गाडी दारापाशी उभी केली की दिसतच नाही.

आणि इंजिन सुरू झाले! एकोणतीस किका वाया. लिक जुमने मोजल्या, प्रत्येक किकेला एक टोमणा मारत. विसाव्या किकेला म्हणाला, "पोरी, ती झोपली नाही, वारली आहे." तिसाव्याला धूर, मग खोकला, मग तोच आवाज. खिडकीत कपडे वाळत घालताना मला तीन गल्ल्या आधी ऐकू यायचा तो. मी भाताखालचा जाळ वाढवण्यासाठी आत गेले. तो आवाज आला की मी नेहमी तेच करायचे. गॅस आहे आता, आणि भात तर केव्हाच झाला होता.

कोंबड्यांनी अंडी देणे बंद केले आहे.

२ ऑगस्ट

माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे.

पाक सार्वोतो दुपारीच फॉर्म घेऊन आले. कचेरीत जाण्याआधी एकदा घरी करून पाहू म्हणाले. खिशातून पारदर्शक चिकटपट्टी आणि पेन्सिल काढली, गाडीच्या मानेपाशी वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"वेनिंग," ते म्हणाले, "नंबर कुठे गेला?"

"कुठे म्हणजे? मानेवर आहे. मी त्यावर पट्टी लावून ठेवली होती, घासला जाऊ नये म्हणून."

दोघांनी मिळून पाहिले. बोटे फिरवली. रेशमासारखे.

मला तेव्हा कळले. गाडीचा चासी नंबर असा ठोकलेला असतो, पट्टी लावून पेन्सिलने घासून त्याचा ठसा घेतात, आणि तो ठसा पुस्तकातल्या नंबराशी जुळला तरच गाडी तीच गाडी असते. तपासणी ती एवढीच. मान स्वच्छ आहे का, हे कोणीही पाहत नाही.

"ते मी केलं," मी म्हणाले. "चार दुपारी बसून."

वेनिंगचा चेहरा पांढरा पडला. खुराड्यावर जाऊन बसली. तीन महिने त्या मुलीने शाळेतून येऊन बूटही न काढता काम केले आहे. मी शेजारी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "यांगती, किती नंबरचा पेपर वापरलात?"

"लाल होता."

"लाल म्हणजे बारीक." तिने डोळे पुसले. "बरं झालं. काळा घेतला असता तर मानच राहिली नसती."

३ ऑगस्ट

आज पाक सार्वोतो सकाळीच आले. कॉफीला नको म्हणाले. हातात कापडात गुंडाळलेले काहीतरी होते. उघडले तर अंक ठोकायचे पोलादी पंच, शून्य ते नऊ.

"रात्रभर विचार केला, बू गुरू. पुस्तकात नंबर आहेच. एकेक घाव घातला की झालं. कोणाला कळणार नाही."

मी पाहतच राहिले. हा माणूस! टपालाच्या तिकिटावर चुकून शिक्का बसला नाही, म्हणून ते पुन्हा वापरायला पाण्यात भिजवून काढायला निघालेल्या मुलाला यांनी मास्तरांकडे नेले होते.

"पाक सार्वोतो, हा तर गुन्हा आहे."

"माहीत आहे."

"पकडले गेलात तर?"

"सांगेन, मी केलं."

"पण का?"

ते पंच नीट परत गुंडाळू लागले. "गाडी चालू व्हायला हवी म्हणून," एवढेच म्हणाले.

गाड्यांचे इतके वेड या वयात! मी त्यांना बसवून कॉफी पाजली आणि सांगितले, की खोटा नंबर लावण्यापेक्षा मी ती कोंबड्यांना देईन. खरा नंबर आत आहे. पुट्टी मी भरली, मीच काढणार.

५ ऑगस्ट

रंग उतरवायचे औषध कापसाने लावायचे, पुट्टी मऊ झाली की भरतकामाच्या सुईने कोरून काढायची. वेनिंगने भिंग तारेने हँडलला बांधून दिले आहे. ती औषध लावते, मी कोरते. दोन दिवसांत चार अंक.

खोल कोरायचे नाही, धातूला सुई लागता कामा नये. जुन्या झब्ब्यावरची भरतकामाची वीण उसवावी आणि कापडाला कळू नये, तसे.

"तुम्हाला कंटाळा नाही येत?" वेनिंग म्हणाली.

"सिस्टर गोदेलीफांनी एकदा माझा पूर्ण रुमाल उसवायला लावला होता. उलटी बाजू खराब होती म्हणून."

"मग?"

"उसवताना रडले. पुन्हा भरताना गाणी म्हटली."

सहा नंबरची सुई मोडली.

८ ऑगस्ट

सगळे अंक निघाले, पण शेवटचा फार उथळ. तीन की आठ? पुस्तकात आठ आहे. ठशात तीनसारखा येतो, कारण डावी बाजू माझ्या घासण्यात गेली आहे.

संध्याकाळी पाक सार्वोतोंनी पाकिटातून एक घडी काढली. पाच वर्षांपूर्वीचा ठसा. तेव्हा दोन घेतले होते, एक कचेरीला दिला, एक यांच्याकडे.

"इतकी वर्षं पाकिटात?" मी विचारले.

"टपालातली सवय. प्रत ठेवायची."

कागद घड्यांवर पार झिजला होता. रोज उघडून पाहिल्याशिवाय कागद असा झिजत नाही. हिशेबी माणूस आहे. पण त्यात आठाची डावी बाजू कुठून वळते ते स्वच्छ दिसले. तिथेच, केसाएवढ्या खाचेत, पुट्टीचा एक कण अडकला होता. मी तो काढला. तिनाचा आठ झाला. फार फिका, पण आठ.

१० ऑगस्ट

वेनिंगला सतरा पूर्ण. नूडल्स केल्या, लांब आयुष्यासाठी. पाक सार्वोतोंनी तिला नवा पाना दिला, लिक जुमने एक जुना. "नवीन घ्यायचं नाही म्हणाली होतीस ना," तो म्हणाला, "मग हा सार्वोतो नियम मोडतोय."

परवा लायसनची परीक्षा.

१३ ऑगस्ट

लायसन काल मिळाले, आणि आज कचेरी. वेनिंगने गाडी चालवत नेली, मी आणि पाक सार्वोतो बसने. उद्या शेवटचा दिवस, म्हणून रांग फाटकाबाहेर.

तपासणीला एक तरुण कारकून होता. पट्टी लावली, पेन्सिल घासली. पट्टीवर पाच अंक आणि धुके. दुसरी पट्टी, तेच.

"बू, शेवटचा दिसत नाही. मी पास करू शकत नाही."

वेनिंगने माझा हात धरला. पकडीने धरतात तसा.

मी त्याची पेन्सिल पाहिली. कडक शिशाची, टोक केलेली, आणि तो ती उभी धरून रेघा ओढत होता. छत्तीस वर्षे मी मुलींना नक्षीवर कागद ठेवून ठसा घ्यायला शिकवले आहे.

"बाळ, पेन्सिल आडवी धर. आणि ही घे." पर्समधली माझी मऊ पेन्सिल दिली. "दाबायचं नाही. मांजराच्या पाठीवरून हात फिरवतोस ना, तसं."

"मला मांजर नाही, बू."

"मग आईच्या."

मागे रांगेत हशा पिकला. त्याने हसत हसत पेन्सिल आडवी धरली आणि हळू फिरवली. अंक एकेक करून वर आले, आणि सगळ्यांत शेवटी आठ. त्याने पुस्तकाशी ताडून पाहिला, भिंगातून पाहिला, शिक्का मारला. वेनिंगने मला, कारकुनाला आणि रांगेतल्या एका अनोळखी बाईला मिठी मारली.

निघताना कारकून पाक सार्वोतोंना म्हणाला, "बापाक, आता पुढच्या ऑगस्टला ना? वर्षातून एकदाच दर्शन होतं तुमचं. इतक्या लांब त्या एका कामासाठी येता."

म्हणजे? यांना तर त्या बाजूला जायचेच असते ना? विचारायला हवे. बसमध्ये विचारणार होते, पण ते खिडकीतून बाहेर पाहत होते आणि कान लाल झाले होते. ऊन फार होते.

१४ ऑगस्ट

नवी नंबरप्लेट लागली. सीटचे कव्हर आज मी चढवले, दुहेरी टाका, उलटी बाजूही सुलटीसारखी. मग वेनिंगला सरळ विचारले, "तो मुलगा कोण ते सांग. मी रागावणार नाही."

"कोणता मुलगा?"

"मागे बसणारा. डाव्या बाजूला पाय टाकून."

ती इतकी हसली की तिला चासी धरून उभे राहावे लागले. "यांगती, बसा."

बसले. पाय बरोबर फळीवर टेकले, गुडघे बरोबर वाकले, आणि बसायला पुरेशी जागा होती. रुंदीसुद्धा.

"उद्या मारियामातेचा सण," ती म्हणाली. "सेंदांगसोनोला जायचं. चढ चढते की नाही बघू. चेन उतरली तर तुम्ही भात भरवा."

हे मी तिला केव्हा सांगितले होते? कांदे चिरताना सांगितले असेल.

सकाळी साडेपाचला निघायचे. पाक सार्वोतो त्यांच्या गाडीवरून मागून येणार आहेत, चेन उतरली तर असावे म्हणून. प्रार्थना होईस्तोवर पायथ्याच्या मशिदीपाशी थांबतील.

सदुसष्टाव्या वर्षी सतरा वर्षांच्या मुलीमागे बसायचे, म्हणून काही गोष्टी लिहून ठेवते. वेनिंगला खरचटण्यापलीकडे काही होणार नाही, असे मी मारियामातेशी आधीच बोलून घेतले आहे.

गाडी आणि तिचे पुस्तक वेनिंगला. सीट कधीही कापून छोटी करायची नाही.

शिवणाची पेटी शाळेत, माझ्या जागी आलेल्या बाईंना. मोडलेली सुई त्यात टाकू नये. ती डब्याच्या वरच्या खणात आहे, तिथेच असू द्यावी.

तपकिरी बाटिकचे वस्त्र सुनेला. निळेही तिलाच, ती मागणार नाही म्हणून.

कोंबड्या लिक जुमला. ठिपक्यांची कापायची नाही.

हार्योंचे हेल्मेट पाक सार्वोतोंना. आतले कापड धुऊन नवे लावले आहे. यांचे डोके लहान, म्हणून आतून दीड बोट जाडीची पट्टी शिवली आहे, कानांच्या वर थोडी कमी. मघाशी ते घालून पाहत होते, तर अगदी नेमके बसले. वेनिंग म्हणाली, "यांगती, माप केव्हा घेतलंत?" मी माप घेतलेच नव्हते.

हे शेवटचे या यादीतून काढावे. हेल्मेट उद्या साडेपाचला मीच देईन, कॉफीबरोबर.